नळीत फुंकून झोप मोजता येत नाही

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली. ५ तारखेला तर एका दिवसात हजाराहून जास्त. पुणे, मुंबई, नागपूर, जिकडे बघावं तिकडे बॅगांचे ढीग आणि जमिनीवर पथारी टाकून बसलेली माणसं. त्या चार-पाच दिवसांत आपल्या गावातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाक्य फिरत होतं : "सरकारने पायलटच्या आरामाचे नियम अचानक कडक केले, म्हणून ही वेळ आली."

यातला "अचानक" हा शब्द साफ खोटा आहे. आणि तो कसा खोटा आहे हे सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी हा नियम काय ते बघू. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, जानेवारी २०२४ मध्ये पायलटच्या ड्युटीचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. "रात्र" पूर्वी बारा ते पहाटे पाच धरत, ती आता सहापर्यंत. रात्रीच्या ड्युटीत पूर्वी सहा वेळा विमान उतरवता यायचं, ते फक्त दोन वेळा. हे १ जून २०२४ पासून लागू व्हायचं होतं. विमान कंपन्यांनी नाराजी दाखवली आणि तारीख पुढे गेली. पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे दोन टप्पे ठरले : काही कलमं १ जुलै २०२५ पासून, उरलेली १ नोव्हेंबर २०२५ पासून. म्हणजे जाहीर झाल्यापासून पूर्ण अंमलापर्यंत पावणेदोन वर्षं. आमच्याकडे नगरपालिका अतिक्रमण काढायला सात दिवसांची नोटीस देते.

आता याच पायलटला लागू असलेला दुसरा नियम बघा. दारूचा.

आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमांत २४ वा नियम आहे. त्यानुसार उड्डाणाच्या आधीचे बारा तास दारू पूर्ण बंद. आणि रक्तात किती चालेल? शून्य. अमेरिकेत आठ तास आणि ०.०४ टक्के. ब्रिटनमध्ये २००३ च्या कायद्याने १०० मिलीलीटर रक्तात २० मिलिग्रॅम. आपल्याकडे मोटार चालवणाऱ्यालासुद्धा ३० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे, पायलटला काहीच नाही. नळीत फुंकायचं, आकडा शून्य आला तरच पुढे जायचं. पहिल्यांदा सापडला तर तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. कोणाचाही मुलाहिजा नाही. २०१८ साली एअर इंडियाच्या उड्डाण विभागाचे संचालकच दिल्लीत या चाचणीत अडकले, तर त्यांचंही लायसन्स तीन वर्षांसाठी गेलं. २०२३ मध्ये तर अल्कोहोल असलेला माउथवॉश आणि टूथ जेलसुद्धा वापरू नका असं नियमात लिहिलं गेलं.

मला यात काही गैर वाटत नाही. उलट बरं वाटतं. पण या कडकपणासाठी कुठल्या विमान कंपनीने सरकारकडे दोन वर्षांची मुदत मागितल्याचं तुम्ही ऐकलंय का? माझ्या तरी कानावर आलेलं नाही. का नसेल मागितली, ते शेवटाकडे बोलू.

दारूचे नियम कडक झाले ते अर्थातच उगाच नाही. ३ जानेवारी १९६१ ला फिनलंडमध्ये एक डीसी-३ विमान वासा शहराकडे जाताना कोसळलं, सगळे २५ जण गेले. दोन्ही पायलटांच्या रक्तात भरपूर दारू सापडली. आदल्या रात्री उशिरापर्यंत प्यायले होते आणि भल्या सकाळी उडाले होते. फिनलंडमधला हा आजही सर्वात मोठा नागरी विमान अपघात आहे. त्याच्या चौकशीत आणखी एक गोष्ट नोंदली गेली होती, तिकडे फार कुणाचं लक्ष जात नाही : दोघांची झोपही झाली नव्हती.

मग १३ जानेवारी १९७७, अलास्कातलं अँकरेज. जपान एअरलाइन्सचं मालवाहू विमान, आत जिवंत गुरं, ती टोकियोला निघालेली. कॅप्टनच्या रक्तात १०० मिलीलीटरला २९८ मिलिग्रॅम, म्हणजे गाडी चालवायच्या तिथल्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. ज्या टॅक्सीतून हे लोक विमानतळावर आले तिच्या ड्रायव्हरला कॅप्टनचा अवतार बघून शंका आली होती आणि त्याने ती आपल्या ऑफिसला कळवलीही होती. टॅक्सीवाल्याला जे दिसलं ते शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांना दिसलं नसेल? पण कॅप्टनला "तुम्ही उठा" म्हणायची हिंमत कोण करणार! विमान उडालं आणि लगेच पडलं. पाचही माणसं गेली.

तिसरी हकीकत मार्च १९९० ची. अमेरिकेत फार्गोहून मिनियापोलिसला जाणारं नॉर्थवेस्ट कंपनीचं विमान. कॉकपिटमधले तिघेही आदल्या रात्री बारमध्ये बसलेले. बारमधल्याच एकाने सरकारी अधिकाऱ्यांना कळवलं होतं, तरी विमान उडालं. ९१ प्रवासी सुखरूप उतरले आणि खाली पोलीस उभे. कॅप्टन लाइल प्राउझ यांना १६ महिन्यांची शिक्षा झाली. पण या माणसाची पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ते व्यसनमुक्तीतून गेले, सगळी लायसन्स पहिल्यापासून मिळवली, त्याच कंपनीत परत पायलट झाले आणि जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. तिकडे १९७० च्या दशकापासून व्यसनी पायलटला उपचार देऊन परत आणायची एक रीतसर व्यवस्था आहे. तुमची नोकरी जाणार नाही, पण लपवू नका, असा तिचा सूर. हे लक्षात ठेवा, झोपेच्या बाबतीत याचा उपयोग आहे.

आता झोप. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक छोटासा निबंध छापला. प्रयोग साधा होता. ४० माणसं घेतली. एकदा त्यांना जागं ठेवलं, एकदा दारू पाजली, आणि दोन्ही वेळा हात आणि डोळा यांचा मेळ तपासला. सलग १७ तास जागा असलेला माणूस ०.०५ टक्के दारू प्यायल्यासारखा वागत होता. २४ तास जागा असलेला साधारण ०.१० टक्के. म्हणजे अमेरिकेतल्या पायलटच्या मर्यादेच्या अडीचपट. आपल्याकडे तर मर्यादाच शून्य, तिची पट कशी काढणार?

ज्या माणसाला माउथवॉशची गुळणी करायला मनाई आहे, त्याला रात्री तीनला उठवून विमान चालवायला बसवलं तर नळीवरचा आकडा शून्यच येतो.

इथे थोडं आमच्या धंद्यातलं सांगतो. मी गेली वीसेक वर्षं हायवेवरचे रात्रीचे अपघात कव्हर करतोय. जमलेल्या गर्दीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ड्रायव्हर प्यायला होता का?" पंचनाम्यात, बातमीत, दवाखान्यात, सगळीकडे तोच. "किती तास जागा होता?" असं विचारणारा एखादाच. मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर गाडीतच सीटवर अंग टाकतो आणि डास मारत रात्र काढून सकाळी साडेपाचची पहिली फेरी घेऊन निघतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. कायदा काय म्हणत होता? १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. होता तो कायदा, पुस्तकात.

असो. विमानाकडे येऊ.

पायलटच्या तासांवर मर्यादा घालायची मागणी विमान कंपन्यांइतकीच जुनी आहे. अमेरिकेत १९३१ मध्ये पायलटांची संघटना उभी राहिली. १९३४ मध्ये तिथल्या कामगार मंडळाने महिन्याला ८५ तासांची मर्यादा ठरवून दिली. शिवाय देशांतर्गत उड्डाणाला दिवसाचे आठ तास हा नियम होता. मग नोव्हेंबर १९५३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस थेट विमान सुरू केलं. वेळापत्रकात आठ तासांच्या आत, पण समोरून वारं असलं की प्रत्यक्षात जास्त. कंपनीने काय करावं? दुसरा पायलट ठेवावा, नाहीतर मध्ये थांबावं. कंपनीने सरकारकडून सवलत मिळवली. पायलटांनी १९५४ मध्ये संप केला. नियम आहे, कंपनीला तो परवडत नाही, कंपनी सवलत मागते आणि सरकार देते. सत्तर वर्षांपूर्वीची ही गोष्ट वाचताना मला सारखा हा डिसेंबर आठवत होता.

ब्रिटनमध्ये १९७३ साली यावर एक समिती बसली. तिचे अध्यक्ष होते डग्लस बेडर, दोन्ही पाय गमावूनही दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान उडवणारे. असा माणूस म्हणेल, काय रडताय, बसा आणि उडवा! तसं झालं नाही. त्यांच्या अहवालातून १९७५ मध्ये ड्युटी आणि विश्रांतीची जी नियमावली निघाली, ती पुढे कित्येक देशांनी समोर ठेवली.

तरी अपघाताचं कारण म्हणून "थकवा" हा शब्द कागदावर यायला फार वेळ लागला. १८ ऑगस्ट १९९३, क्यूबातला अमेरिकी नौदलाचा ग्वांतानामो तळ. एक मालवाहू डीसी-८ उतरताना कोसळलं. तिघं जण होते, गंभीर जखमी झाले पण वाचले, म्हणून आपल्याला आतली गोष्ट कळली. रात्रभर ड्युटी करून ते अटलांटाला सुटणार होते. तेवढ्यात कंपनीने आणखी एक फेरी अंगावर टाकली. कोण १९ तास जागं, कोण २३. उतरताना कॅप्टन सीमेवरचा एक लुकलुकणारा दिवा शोधत राहिला. त्या दिवशी तो दिवा बंद होता. शेजारचे वेग कमी झाल्याचं सांगत होते आणि याचं डोकं त्या दिव्यातच अडकलेलं. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने पायलटांचा थकवा हे अपघाताचं संभाव्य कारण म्हणून नोंदवलं ते या प्रकरणात, पहिल्यांदाच. याआधी काय पायलट थकत नव्हते? थकत होते, पण मेलेल्या माणसाच्या रक्तात दारू सापडते, जागरण सापडत नाही.

मग १२ फेब्रुवारी २००९. बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान घरावर पडलं, ५० जण गेले. सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानांत बसून देश ओलांडून कामावर आलेली. कॅप्टनने रात्र विमानतळावरच्या क्रू रूममध्ये काढलेली. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनला वर्षानुवर्षं खेटे घातले, तेव्हा नवे नियम झाले आणि ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. त्यातूनही मालवाहू विमानं वगळली. कारण दिलं खर्चाचं. ग्वांतानामोचं विमान मालवाहूच होतं, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आता आपलं घर.

आपल्याकडे १९९२ च्या एका परिपत्रकावर गाडी चालली होती. स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या, विमानं वाढली, रात्रीची उड्डाणं वाढली. जुलै २००७ मध्ये डीजीसीएने विश्रांती वाढवणारे नवे नियम काढले. कंपन्यांनी आक्षेप घेतला. मे २००८ मध्ये ते नियम स्थगित, १९९२ चं परिपत्रक परत जिवंत. पायलटांची संयुक्त कृती समिती मुंबई उच्च न्यायालयात गेली, हरली, मग सर्वोच्च न्यायालयात गेली.

हा खटला चालू असतानाच २२ मे २०१० ची पहाट उजाडली. दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ गेले, आठ वाचले. बहुतेक आखातात कामाला गेलेली माणसं आणि त्यांचे कुटुंबीय.

चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले, हवाई दलाचे माजी उपप्रमुख. त्यांच्या अहवालात कॉकपिटच्या रेकॉर्डिंगबद्दल जे लिहिलंय ते एकदा वाचलं की विसरत नाही. दोन तास पाच मिनिटांच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत कॅप्टनचं संभाषण नाही. अधूनमधून घोरण्याचा आवाज आहे. जाग आली ती विमान खाली घ्यायची वेळ झाल्यावर. गाढ झोपेतून उठलं की काही वेळ माणसाचं डोकं चालत नाही, निर्णय चुकतात. हे आपण रोज सकाळी अनुभवतो, फक्त आपल्या हातात बोईंग नसतं. विमान फार उंचावरून आलं, धावपट्टीवर फार पुढे टेकलं. सहवैमानिक तीनदा म्हणाला, "गो अराउंड". उतरू नका, पुन्हा वर घ्या. कॅप्टनने ऐकलं नाही.

२००७ चे नियम लागू असते तर ही माणसं वाचली असती का? असं मी म्हणणार नाही. कॅप्टनने सहवैमानिकाचं ऐकलं असतं तरी वाचली असती. पण पहाटेच्या अंधारात पायलटचं शरीर झोप मागतं आणि तेव्हाच त्याच्याकडून सर्वात अवघड काम करून घेतलं जातं, हे सांगायला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा होता?

बरोबर एक वर्षाच्या आत, ३ मे २०११ ला, सर्वोच्च न्यायालयाने पायलटांचं अपील फेटाळलं. नियम कोणते ठेवायचे आणि कोणते स्थगित करायचे हा सरकारचा अधिकार. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. ऑगस्ट २०११ मध्ये नवी नियमावली आली, त्यात आठवड्याची विश्रांती ३६ तास. तेवढीच विश्रांती पुढे वर्षानुवर्षं चालली.

मधे आपल्याच राज्यातली एक घटना. १७ ऑगस्ट २०२३ ला नागपूर विमानतळावर पुण्याच्या विमानाकडे निघालेला इंडिगोचा एक पायलट बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. वय ४०. आदल्या दिवशी पहाटे तीन ते सात या वेळात त्याने तिरुवनंतपुरम-पुणे-नागपूर अशी उड्डाणं केली होती आणि त्यानंतर २७ तास विश्रांती झाली होती. नियमांत सगळं बसत होतं. त्याचा मृत्यू थकव्याने झाला असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण त्यानंतर पायलट मंडळी उघडपणे बोलायला लागली, आणि पाच महिन्यांनी जानेवारी २०२४ चे नियम आले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १ नोव्हेंबर २०२५ ला दुसरा टप्पा लागू झाला, डिसेंबर उजाडताच देशातली सर्वात मोठी कंपनी कोलमडली, आणि सरकारने काय केलं? इंडिगोला रात्रीच्या ड्युटीच्या नव्या नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत सूट दिली. पायलटची रजा ही साप्ताहिक विश्रांतीत धरू नका असं जे कलम होतं, ते ५ डिसेंबरला सगळ्यांसाठी मागे घेतलं. म्हणजे रजा काढलीस ना, झाला तुझा आराम. नंतर कंपनीला १० टक्के उड्डाणं कमी करायला लावली. तेच नोव्हेंबरच्या आधी का नाही सुचलं?

आता मघाचा प्रश्न. दारूच्या नियमाला कंपनी विरोध का करत नाही? कारण तो तिला फारसा महाग पडत नाही. पायलट सापडला, पायलट घरी. चूक त्याची, शिक्षा त्याची, बातमीत फोटो त्याचा. झोपेच्या नियमाचं बिल मात्र कंपनीला येतं. आठवड्याला बारा तास विश्रांती वाढली, रात्रीची उतरणं सहाची दोन झाली, की तेवढ्याच फेऱ्यांना जास्त पायलट लागतात. पायलट म्हणजे पगार, हॉटेल, ट्रेनिंग. आणि रात्री विमान उभं ठेवायचं तर त्याचा हप्ता चालूच असतो. ज्याच्या खिशाला चाट बसते तोच लॉबिंग करतो, यात नवल काय!

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. कॅप्टन काही दोन महिन्यांत तयार होत नाही, वर्षं जातात, आणि अनुभवी पायलट आखातातल्या कंपन्या पळवून नेतात. हे खरं आहे. पण म्हणूनच तर पावणेदोन वर्षं मिळाली होती. एवढ्या वेळात भरती करायची की नवी विमानं आणून फेऱ्या वाढवायच्या, हा निर्णय कुणीतरी शुद्धीत, पुरेशी झोप घेऊन घेतलेला आहे.

आणखी एक अडचण आहे. झोपेसाठी नळी नाही. पायलटने स्वतः सांगावं लागतं, "मी आज थकलोय, उडवणार नाही." नियम त्याला हा हक्क देतो. पण ड्युटीचं वेळापत्रक लावणारा साहेब, प्रमोशन, खोळंबलेले १८० प्रवासी, हे सगळं समोर असताना किती जण तोंड उघडतील? म्हणून मघाशी ती प्राउझ यांची गोष्ट सांगितली. दारूचं व्यसन कबूल करणाऱ्याला नोकरीची हमी देणारी व्यवस्था जर उभी करता येते, तर झोप झाली नाही म्हणणाऱ्याला का नाही? २०२४ च्या नियमांत एक चांगलं कलम आहे : प्रत्येक कंपनीने पायलटांच्या थकव्याच्या तक्रारींचा अहवाल दर तीन महिन्यांनी डीजीसीएला द्यायचा. किती तक्रारी आल्या, किती मान्य केल्या, नाकारल्या त्या का. माझं म्हणणं एवढंच की हे आकडे कंपनीच्या नावानिशी वेबसाइटवर टाका. विमान वेळेवर सुटण्याची टक्केवारी दर महिन्याला छापता, तर शेजारी हाही रकाना छापा. तिकीट काढताना लोक बघतील.

इंडिगोची सूट १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत होती. त्या दिवशी मुदतवाढीचं पत्र निघतं की नाही, हे बघण्यासाठी मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती. तुमच्या खासदाराला एक मेल टाकता आला तर टाका. पत्ता लोकसभेच्या वेबसाइटवर मिळतो.